एक खोली, चार इयत्ता: गोव्यातल्या नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी वर्ग लावण्याची पद्धत

नियुक्तीपत्र हाती आलंय, शाळा पेडणे, सत्तरी, सांगे नाहीतर काणकोणच्या एखाद्या वाड्यावर मिळालीय आणि जून तोंडावर आलाय, अशी तुमची स्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सत्तरीतल्या सरकारी मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना एकाच खोलीत शिकवलं आहे. सुरुवातीला कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं ज्या ज्या गोष्टींबाबत वाटलं, त्या इथे क्रमाने देते.

डी.एड.च्या सरावपाठांत समोर एकच इयत्ता असते. गोव्यातल्या खेड्यांत पट छोटा आणि इयत्ता मात्र चारही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हवेत. पण दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेले की त्या दिवशी सगळी शाळा तुमचीच. म्हणून दोन शिक्षक असले तरी वर्ग पहिल्या दिवसापासून चार इयत्तांच्या हिशेबानेच लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. लहान मुलं दंगा करतात ती बहुतेक वेळा वाट बघून कंटाळल्यामुळे. बाई चौथीपाशी आहेत, माझी बेरीज झाली, आता काय करू? पेन्सिलीचं टोक मोडलं, कोणाला सांगू? वही तपासायला रांगेत किती वेळ उभा राहू? मुलाची ही वाट बघण्याची वेळ जिथे जिथे कमी करता येईल तिथे करायची. आवाज आपोआप खाली येतो.

१. शाळा उघडण्याआधी खोली बघा, तीही पावसाच्या हिशेबाने

आपल्याकडे शाळा आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ एकदमच येतात. म्हणून मे महिन्यातच एकदा शाळेत जाऊन या. कौलं कुठे सरकलीत, भिंतीला ओल कुठे येते, विजेच्या बोर्डाजवळ पाणी झिरपतं का, विहिरीवर झाकण आहे का, शौचालयाला पाणी आणि आतून लागणारी कडी आहे का, हे तपासा. सापडलेलं प्रत्येक काम भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घेतलेली प्रत फाइलला लावा. तोंडी सांगितलेलं काम पावसाळा संपला तरी तिथेच राहतं. शाळेजवळच्या लोकांना विचारा, पाणी कुठून गळतं ते त्यांना बरोबर माहीत असतं.

आत काय कुठे ठेवायचं ते मग ठरवा. गळणाऱ्या कोपऱ्यात मुलं नकोत, कपाट तर मुळीच नको. तक्ते ओलीच्या भिंतीला चिकटवले तर जुलैत बुरशी येते. खिळ्यांना दोरी बांधून ते भिंतीपासून थोडे सुटे लटकवावेत. गोष्टींची पुस्तकं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा जमिनीवर ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. ओसरीवर रेनकोट आणि छत्र्या अडकवायला मुलांच्या उंचीवर खुंट्या किंवा दोरी हवी, खाली चपलांची जागा खडूने आखून द्यावी. एवढी सोय नसेल तर रोज सकाळचा बराच वेळ ओल्या छत्र्यांतच जातो आणि खोलीभर चिखल होतो तो वेगळाच.

दोन-तीन मापांचे जुने, स्वच्छ कपडे आणि टॉवेल शाळेत ठेवा. नखशिखान्त भिजलेलं पहिलीतलं मूल दुपारपर्यंत तसंच बसवता येत नाही.

पावसात अडगळीत आणि कपाटामागे साप-विंचू येतात. सकाळी मुलांना आत सोडण्याआधी स्वतः एक फेरी मारा. कोपरे, चटयांच्या गुंडाळ्या आणि शौचालय बघितल्याशिवाय मुलांना आत घेऊ नका.

२. बसण्याची रचना

सगळी बाकं फळ्याकडे तोंड करून ओळीने लावण्याचा मोह टाळा. चार इयत्तांना ती रचना चालत नाही, कारण तिसरीचा पाठ चालू असताना पहिलीचं लक्षही तिथेच जातं.

मला चाललेली रचना अशी: पहिली आणि दुसरी एका भिंतीकडे तोंड करून चटईवर, तिसरी आणि चौथी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बुटक्या बाकांवर. दोन्ही गटांच्या पाठी एकमेकांकडे. प्रत्येक गटाचा स्वतंत्र फळा. दुसरा फळा नसेल तर भिंतीचा खालचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून घ्या. तिथे मुलं स्वतःही लिहू शकतात आणि पहिलीच्या मुलाला फळ्यावर लिहिण्यासारखा आनंद दुसरा नाही. मधून तुम्हाला सहज फिरता येईल एवढी वाट मोकळी ठेवा. तुमचं टेबल एका बाजूला सरकवा, टेबलाशी बसून असा वर्ग चालत नाही.

जागा ठरवताना काही मुलांचा आधी विचार करा. डोळे बारीक करून बघणारं मूल फळ्याजवळ आणि खिडकीच्या उजेडाची चमक फळ्यावर येणार नाही अशा बाजूला बसवा. कमी ऐकू येणारं मूल तुमच्या तोंडासमोर असावं. डावखुरं मूल बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण होत नाही. दिव्यांग मूल असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांची भेट लवकर मागून घ्या, ती आपणहून ठरेल म्हणून थांबू नका. हुशार मुलं पुढे आणि बाकीची मागे, ही मांडणी कुठल्याच कारणासाठी करू नये.

३. पहिले दोन आठवडे सवयींसाठी

नव्या शिक्षकाला पाठ्यपुस्तक संपवण्याची घाई असते. जूनमध्ये ती बाजूला ठेवा. पहिलीसाठी तर 'विद्या प्रवेश' हा तीन महिन्यांचा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रमच आहे, त्याचा आधार घ्या. वरच्या इयत्तांचंही या दोन आठवड्यांत काही बुडत नाही.

दररोज एकच सवय शिकवा: आत कसं यायचं, दप्तर कुठे, वही कुठल्या गठ्ठ्यात, पाणी कधी, शौचालयाला जाताना काय करायचं, टोक मोडलं तर काय करायचं, काम झाल्यावर काय करायचं. सांगून भागत नाही. स्वतः करून दाखवा, दोन मुलांकडून करवून घ्या, मग सगळ्यांकडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शौचालयासाठी परवानगी मागायला लावू नका. दाराशी दोन करवंट्या ठेवा, एक मुलींची, एक मुलांची. करवंटी जागेवर असेल तर घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं. तुमचा पाठ तुटत नाही आणि बाहेर कोण आहे ते एका नजरेत कळतं. टोक केलेल्या पेन्सिलींचा डबा ठेवा: मोडकी टाकायची, चांगली उचलायची, संध्याकाळी चौथीतल्या दोघांनी सगळ्या तासायच्या.

लक्ष वेधायला एकच खूण ठरवा. मी टाळ्यांचा ठेका वापरते, मुलांनी तोच ठेका परत द्यायचा. 'गप्प बसा' हे शब्द दिवसभर वापरले तर आठवड्यात त्यांचं वजन जातं आणि तुमचा घसाही.

वर्गातली कामं (फळा पुसणं, पाण्याचा माठ, पुस्तकांचा कोपरा, झाडांना पाणी) आठवड्याच्या पाळीने सगळ्यांना द्या. कायमचा एकच मॉनिटर नेमणं आणि त्याच्याकडून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून घेणं, या जुन्या पद्धतीने मुलांत फक्त वैर वाढतं.

४. वेळापत्रक: चारपैकी एकच इयत्ता तुमच्यापाशी

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. एका इयत्तेला तुमचा थेट वेळ त्यातला एखादाच तास मिळतो. म्हणून उरलेल्या वेळात मुलं काय करतील, याचं टाचण आधी काढा. मला हीच खरी तयारी वाटते. तुमचा पाठ तुम्हाला कसाही निभावता येतो, बाकीच्या तीन इयत्तांचं काम ऐनवेळी सुचत नाही.

दिवसाची सुरुवात परिपाठानंतर सगळ्यांच्या एकत्र कामाने करा: एखादी गोष्ट, गाणं किंवा परिसरातला एक विषय. तो एकच विषय पुढे चार पातळ्यांवर नेता येतो. समजा विषय आहे पाऊस. पहिलीने चित्र काढून त्यातल्या वस्तूंची नावं सांगायची, दुसरीने तीन वाक्यं लिहायची, तिसरीने काल आणि आजच्या पावसाची तुलना करायची, चौथीने अंगणातल्या बाटलीत साचलेलं पाणी पट्टीने मोजून आठवड्याचा तक्ता करायचा.

नंतर १५ ते २० मिनिटांचे तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात पहिली तुमच्यापाशी, दुसरी जोडीने वाचन करतेय, तिसरी कालच्या गणिताचा सराव, चौथी फळ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं. पुढच्या तुकड्यात गट फिरतात. सकाळी सर्वांत आधी पहिलीला घ्या, कारण एकट्याने काम करणं त्या मुलांना सर्वांत कमी जमतं आणि त्यांचं लक्षही सकाळीच ताजं असतं.

'काम झाल्यावर काय' हा तक्ता चित्रांसह भिंतीवर हवा: पुस्तकांच्या कोपऱ्यातलं पुस्तक, मोजण्याचा डबा, शब्दांच्या चिठ्ठ्या, चित्रवही. या चारांपैकी काहीही, न विचारता. शिवाय एक नियम: अडलं तर आधी पुस्तकात बघ, मग शेजाऱ्याला विचार, मग चौथीच्या दादा-ताईंना आणि शेवटी बाईंना. बहुतेक अडचणी तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

इथे एक काळजी घ्या. चौथीच्या मुलांना धाकट्यांना शिकवायला सोपवणं चांगलं, पण दिवसातून एकदाच आणि थोडा वेळ. नाहीतर त्यांचं स्वतःचं शिकणं मागे पडतं आणि पालकांची तक्रार रास्त ठरते.

कोण कुठे आहे हे जूनअखेर तपासा. इयत्ता कोणतीही असो, प्रत्येक मुलाकडून अक्षरं, शब्द, वाक्यं, छोटा उतारा वाचून घ्या. 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय मोहिमेची उद्दिष्टं ढोबळ मोजमाप म्हणून उपयोगी पडतात: संख्यांचं वाचन-लेखन पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत, आणि तिसरीअखेर मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचता येणं. तिसरीतलं मूल शब्दांवरच अडकत असेल तर वाचनाच्या तुकड्यात त्याला दुसरीबरोबर बसवा. ते मागे आहे असं मात्र कोणाहीसमोर बोलू नका.

५. मुलांची घरची भाषा

बाहेरून आलेल्या शिक्षकांना हे जास्त सांगावं लागतं. शाळा मराठी असली तरी बहुतेक मुलांच्या घरात कोकणी असते. त्याशिवाय खाणपट्ट्यात, बांधकामांवर किंवा मासळीच्या धंद्यात कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं कन्नड किंवा हिंदी बोलत येतात. पहिलीत 'म्हाका उदक जाय' म्हणणाऱ्या मुलाला आधी पाणी द्या. 'मराठीत बोल' हे नंतरही सांगता येईल, आणि रागावून तर कधीच नको. टोकलेलं मूल पुढचे कित्येक दिवस तोंडच उघडत नाही.

पाच-दहा रोजच्या शब्दांचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या: उदक-पाणी, माजर-मांजर, शीत-भात, नुस्तें-मासे. कन्नड बोलणाऱ्या मुलालाही त्याचा शब्द तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगा. लिपी येत नसेल तर तो सांगेल, तुम्ही देवनागरीत लिहा. तुम्ही सूचना मराठीत द्या, कळली नाही तर कोकणीत पुन्हा सांगा, आणि उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी स्वीकारा. हळूहळू मुलं स्वतःच मराठीकडे वळतात, मी हे दर वर्षी बघितलं आहे. मूल गणित चुकलं की प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारून बघा. पुष्कळदा गणित येत असतं, प्रश्न कळलेला नसतो.

६. साहित्य आसपासच मिळतं

माडाच्या हिरांच्या काड्या कापून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की दशक-एकक शिकवायला दुसरं काही लागत नाही. मोजायला चिंचोके, मोठे शिंपले, करवंट्या. पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं) वाळवून चित्रांचे फलक होतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीची, फळं-फुलं आणायला सांगा, परिसर अभ्यासाचा आठवडाभराचा ऐवज त्यात आहे: कोणतं कुळागरातलं (पोफळीच्या बागेतलं), कोणतं रानातलं, कोण कुठून घेऊन आलं.

धोके तीन. कच्च्या काजूबिया मोजायला देऊ नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. पहिलीच्या मुलांना चिंचोके देताना लक्ष ठेवा, ते नाकात-कानात जातात. माटोळीच्या रानवस्तूंतल्या काही विषारी असतात, त्यांत कळलावी तर फारच. हाताळायच्या, तोंडात घालायच्या नाहीत आणि नंतर हात धुवायचे, हे आधी सांगा.

७. मधल्या सुट्टीतला आहार

पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. अन्न बाहेरून शिजवून येतं तेव्हा तुमची जबाबदारी सुरू होते: वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं. वास किंवा चव जराही वेगळी लागली तर वाढू नका, पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाला आणि वरिष्ठांना तेव्हाच कळवा.

हात धुण्याची रांग पहिलीपासून लावा. पहिलीची मुलं खायला बसेपर्यंत चौथीने चटया घालायच्या. सगळ्यांनी एकत्र बसायचं, घरचा डबा आणणाऱ्यांनीही. कोणाला कशाची अॅलर्जी आहे, याची यादी आहाराच्या वहीच्या पहिल्याच पानावर लावा.

८. शिस्त

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. उठाबशा, उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर हिणवणं, हे सगळं त्यात आलं. 'मारा बाई, आमची हरकत नाही' असं पालक स्वतः म्हणतील. तरीही नाही.

मूल पुन्हा पुन्हा उठतंय, तर आधी कारण शोधा: काम फार सोपं आहे, फार अवघड आहे, भूक लागलीय, की रात्री झोप झाली नाही? गावात जत्रा किंवा रात्रीचं नाटक असेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगत असतो. त्या दिवशी नवीन धडा घेऊ नका, गोष्ट आणि चित्रकला घ्या. सतत हलणाऱ्या मुलाला हलण्याचंच काम द्या: वह्या वाटणं, फळा पुसणं, पाणी आणणं. भांडण झालं तर दोघांना वेगवेगळं ऐका, झालेलं नुकसान त्यांच्याकडूनच भरून घ्या, फाटलेलं पान चिकटवायला लावा. बोलायचं ते जवळ जाऊन, हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी आपणहून पहिलं बोलणं तुमचं असू द्या.

एखादं मूल अचानक गप्प झालं, घरी जायला घाबरतंय किंवा अंगावर खुणा दिसल्या, तर तपास स्वतः करत बसू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, घरच्यांनी 'राहू दे' म्हटलं तरीही.

९. पालक आणि गाव

पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी एकदा जाऊन या. बैठक ठेवताना गावाचं वेळापत्रक बघा: जुलैत भाताची लावणी, मार्चनंतर काजू, मध्ये जत्रा आणि शिगमा (होळीचा उत्सव). या दिवसांत बैठक ठेवून पालक येत नाहीत म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या स्त्रियांना फक्त सहीपुरत्या बोलावू नका, शौचालय आणि आहार यांबद्दल त्यांच्याइतकं नेमकं कोणी बोलत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त सूचना टाका. कुठल्याही मुलाची तक्रार किंवा गुण तिथे नकोत.

मजुरीला आलेली कुटुंबं वर्षाच्या मध्येच गाव बदलतात. दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवायचा नाही आणि वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायचाही नाही, हा कायदा आहे. मूल जाताना मागितल्याबरोबर दाखला द्या.

१०. लागणारी कागदपत्रं आणि वस्तू

कार्यालयासाठी: हजेरीपट, जनरल रजिस्टर, टाचण वही, आहार नोंदवही, साठा नोंदवही, आवक-जावक वही, बैठकांचं इतिवृत्त, यूडायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदीसाठी प्रत्येक मुलाची माहिती, आरोग्य तपासणीची कार्डं. रुजू होताना साठा नोंदवहीप्रमाणे प्रत्येक वस्तू मोजल्याशिवाय पदभाराच्या कागदावर सही करू नका. नंतर कमी निघालेल्या वस्तूचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

वर्गासाठी: पालकांच्या दोन-दोन फोन नंबरांची वही, मुलाला घरी कोण न्यायला येतं त्याची यादी, प्रथमोपचार पेटी, टॉर्च, दोरी, कपड्यांची पिशवी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०९८.

रोजचं कागदी काम मुलं गेल्यावर करा. हजेरी सोडून कुठलीही वही मुलांसमोर उघडायची नाही.

११. चवथीनंतर पुन्हा

चवथीच्या सुट्टीहून मुलं परतली की जूनमधल्या निम्म्या सवयी विसरलेल्या असतात. पहिले दोन दिवस करवंट्या, पेन्सिलींचा डबा, टाळ्यांचा ठेका, सगळं पुन्हा करवून घ्या. याच वेळी जागा बदला आणि वाचनाची तपासणी नव्याने करा, म्हणजे दिवाळीपर्यंत कोणाला जास्त वेळ द्यायचा ते ठरवता येतं. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीनंतर एक दिवस पुरतो.